अंतर आणि मर्यादा

जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी हे गाव धुळे–सोलापूर महामार्गावरील वडीगोद्रीजवळ वसले आहे. येथून विमानाने मुंबईस जावयाचे तर आधी छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ गाठावा लागतो. तेथून मुंबई आकाशमार्गाने सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. उड्डाण जेमतेम तासाभराचे. परंतु विमानतळापर्यंतचा रस्ता, तपासणी, प्रतीक्षा आणि मुंबईतील वाहतूक जमेस धरली की अर्धा दिवस खर्ची पडतो. तिकिटावरील वेळ ही प्रवासाची एक रक्कम होय, बेरीज नव्हे.

याच गावातून २० जानेवारी २०२४ रोजी मनोज जरांगे पाटील यांच्या नेतृत्वाखाली मराठा आरक्षणाचा मोर्चा निघाला. बीड, अहिल्यानगर, पुणे, लोणावळा या मार्गाने तो २६ जानेवारीस वाशीला पोहोचला. विमानाच्या एका तासाचे तेथे सात दिवस झाले. परंतु वाटेवरील माणसे त्यास जोडली गेली.

आपले साधू-साध्वी परंपरेने वाहन वर्ज्य मानून पायीच विहार करतात. श्रावकांसाठी दिग्व्रत सांगितले आहे : दाही दिशांना जाण्याची मर्यादा आखून घेणे. ऊर्ध्वदिशेचे उल्लंघन, क्षेत्रवृद्धी आणि मर्यादेचे विस्मरण हे त्याचे अतिचार होत. व्यापारी कुटुंबास विमान टाळता येत नाही. मात्र अंतर तासांत मोजू लागले की दूरचा सौदाही जवळचा वाटतो आणि मर्यादा नकळत पुढे सरकते. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी अंतराबरोबर प्रयोजनही मोजावे.