चैत्रांगण

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत माहेरपण भोगते. तिच्यासाठी हा महिनाभर दारात रोज चैत्रांगण काढायचं. कालचं आज चालत नाही. सकाळी अंगण झाडायचं, सडा घालायचा, जमीन थोडी सुकली की गेरूच्या चौकोनावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. वर तोरण, मधे झोपाळ्यातली गौर, दोन्ही अंगांना सूर्य-चंद्र. मग गाय-वासरू, नाग, कासव, मोर, हत्ती, कमळ, तुळशीवृंदावन, आंब्याचं झाड, आणि माहेरवाशिणीचे म्हणून फणी, करंडा, आरसासुद्धा. एवढ्याशा चौकोनात सगळी सृष्टी आमंत्रण देऊन बोलवायची.

रांगोळी शिरगोळ्याची, कोकणात भाताचं तूस जाळूनही करतात. चिमूट अंगठा आणि तर्जनीत धरायची आणि बोटं जमिनीच्या अगदी जवळ ठेवायची. हात वर गेला की रेघ पसरते, थबकला की ढीग पडतो. कासव काढताना हे नीट कळतं. पाठीचा गोल एका दमात यावा लागतो, नंतर त्यात खवल्यांच्या रेघा आणि शेवटी चार पाय नि मान. मान जरा पुढे काढली तर कासव चालू लागतं, आखूड ठेवली तर जागीच बसतं. हा फरक गव्हाच्या दाण्याएवढा असतो. तो हाताला कळायला तळ्याकाठी कासव बघत उभं राहावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढावं लागतं.

'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानं चित्रांच्या प्रकारांत धूलिचित्राला जागा दिली आहे. राजाच्या ग्रंथात जिची दखल आहे, ती कला आपल्याकडे बायकांनी उंबऱ्याबाहेर बसून, चहाचं आधण ठेवण्याआधी सांभाळली. त्यांची नावं कुठेच नाहीत. मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

चित्र रोज तेच असलं, तरी बाहेरचा चैत्र तसाच राहत नाही. पाडव्याला कडुलिंब फुललेला असतो. आंब्याचा मोहोर गळून बोराएवढ्या कैऱ्या धरलेल्या असतात. हळदीकुंकवाच्या सुमारास त्यांची आंबेडाळ नि पन्हं होतं. अक्षय्य तृतीयेला पितरांना दाखवल्याशिवाय आंबा न खाणारी घरं अजून आहेत. तोवर झाडावर पाड लागलेला असतो. म्हणून माझ्या अंगणातलं आंब्याचं झाडही महिनाभर बदलत जातं. सुरुवातीला पानांत नुसते ठिपके, मग देठाला लोंबणाऱ्या लांबट कैऱ्या, शेवटी भरलेली, खाली ओढली गेलेली फांदी. फांदीला किती बाक द्यायचा, हे झाडाकडे पाहूनच ठरवते. पिंपळाची पालवी तांबूस असते की पोपटी, असा प्रश्न पूर्वी कुणी केला असता तर मी अंदाजानं उत्तर दिलं असतं. आता विचारलं तर सांगते: आधी तांबूस, आणि उन्हाकडे धरली तर आरपार दिसणारी.

छापे आणि जाळ्या बाजारात मिळतात, दाराला चिकटवायचं तयार चैत्रांगणही मिळतं. ज्यांना खाली बसणं जमत नाही त्यांनी ते जरूर वापरावं. गौर रिकाम्या दारात येऊ नये. पण गुडघे वाकत असतील तर हातानंच काढावं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. मोर बोटांतून उतरला की माणूस खरा मोर थांबून बघतो. त्याचा तुरा कसा उभा राहतो, पिसारा मिटल्यावर किती लांब लोळतो, हे मनाशी नोंदवतो.

दुपारपर्यंत मुंग्या वाटा पाडतात, चिमण्या नाचून जातात, वारा सूर्याचे किरण पुसतो. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. ज्यांची चित्रं काढली, त्यांचाच पाय त्यावर पडला.

अक्षय्य तृतीयेला गौरीची पाठवणी झाली, तरी रांगोळीचा डबा माळ्यावर जात नाही. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की गोपद्मं सुरू होतात, रोज तेहतीस. त्यासाठी पाऊस पडल्यावर ओल्या वाटेवर उमटलेला गाईचा खूर बघून ठेवायचा: दोन अर्धी, मधे फट, टोकाकडे निमुळती होत गेलेली.