ॲनापोलिसच्या धक्क्यावर

प्रवासाला निघणारा माणूस सोबत काय घेतो, यावरून त्याची ऐपत कळते. वाटेत त्याला कशाचे भय आहे, हेही त्याच शिदोरीवरून कळते. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील कृष्णवर्णीय कुटुंबे मोटारीने परगावी निघत, तेव्हा घरचे जेवण, पिण्याचे पाणी, पांघरुणे आणि एक हिरवी पुस्तिका बरोबर ठेवीत. हार्लेममध्ये राहणारे टपालवाहक व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी ती १९३६ साली प्रथम प्रसिद्ध केली. कोणत्या गावी, कोणत्या घरी, कोणत्या खाणावळीत आपल्याला नकार मिळणार नाही, याची ती यादी होती. जुलै १९६४ मध्ये नागरी हक्कांचा कायदा झाला आणि दोन-तीन वर्षांत पुस्तिकेचे प्रकाशन थांबले. दारे उघडली, परंतु पिढ्यान्‌पिढ्या दारातून परत फिरलेल्या माणसाचे पाऊल उंबरठ्यावर क्षणभर थबकतेच.

ते थबकलेले पाऊल मी २०२३ च्या उन्हाळ्यात जवळून पाहिले. मेरिलँड राज्यातील एका धर्मग्रामात मी सुट्टीपुरता बदली धर्मगुरू म्हणून गेलो होतो. तेथील एक कृष्णवर्णीय कॅथलिक कुटुंब मला आपल्याबरोबर ॲनापोलिसला घेऊन गेले. सत्तरी ओलांडलेले पती-पत्नी आणि त्यांची बारा वर्षांची नात, असे तिघे होते.

ॲनापोलिस ही मेरिलँडची राजधानी. सेव्हर्न नदी चेसापीक उपसागराला मिळते तेथे वसलेले, सुमारे ४०,००० वस्तीचे हे शहर. विटांचे रस्ते, शिडाच्या होड्या, नौदलाची १८४५ सालची प्रबोधिनी आणि टेकडीवरील जुने विधानभवन. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी २३ डिसेंबर १७८३ रोजी याच भवनात सेनापतिपदाचा राजीनामा दिला. वसईच्या खाडीकाठी वाढलेल्या मला ते ओले दोरखंड आणि खाऱ्या वाऱ्याचा वास लगेच आपला वाटला.

धक्क्यावर एक शिल्प आहे. लेखक ॲलेक्स हॅली खाली बसून तीन मुलांना गोष्ट सांगत आहेत. २९ सप्टेंबर १७६७ रोजी ‘लॉर्ड लिगोनियर’ नावाचे जहाज या बंदरात लागले. गॅम्बियाहून निघताना त्यात १४० बंदिवान होते. येथे ९८ जिवंत पोहोचले. त्यांच्यातच आपला पूर्वज कुंटा किंटे होता, असे हॅली यांनी १९७६ साली ‘रूट्स’ या ग्रंथात लिहिले. त्या वंशावळीविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत, जहाजाविषयी नाहीत. १९८१ साली येथे बसवलेला पहिला स्मृतिफलक काही दिवसांतच चोरीला गेला. तो पुन्हा बसवला गेला, आणि पुढे १९९९ साली हे शिल्प उभे राहिले.

नात त्या ब्राँझच्या मुलांशेजारी जाऊन बसली. आजोबा मात्र पाण्याकडे पाहत उभे राहिले. सहलीला आलेल्या इतर माणसांना त्या पाण्यात होड्या दिसत होत्या. त्यांना काय दिसत असेल, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

पुढे एका दुकानात त्यांनी नातीसाठी टोपी घेतली. बाहेर पडताना आजोबांनी पावती खिशात घातली नाही; सर्वांना दिसेल अशी हातात धरली. कोणी काही बोलले नव्हते, दुकानदारीण तर हसतमुख होती. परंतु ही सवय एका दिवसात जडलेली नव्हती, एका हास्याने ती सुटणारही नव्हती.

आजीबाईंना या किनाऱ्याच्या सुखाच्या आठवणीही होत्या. गोऱ्यांच्या किनाऱ्यांवर मज्जाव असलेल्या त्या काळात कार नावाच्या कृष्णवर्णीय कुटुंबाने ॲनापोलिसलगत आपल्या जमिनीवर स्वतःची चौपाटी चालवली. १९२६ साली सुरू झालेल्या कार्स बीचवर रे चार्ल्स, एला फिट्झजेराल्ड यांच्यासारखे कलावंत गात असत. आजीबाई लहानपणी वडिलांबरोबर बाल्टिमोरहून तेथे येत. “फादर, त्या दिवशी वडील मोठ्याने हसत. एरवी प्रवासात ते हसत नसत,” असे त्या म्हणाल्या. त्या किनाऱ्यातील उरलेली सुमारे पाच एकर जागा शहराने २०२२ साली सार्वजनिक उद्यानासाठी विकत घेतली आहे.

जवळच हायलँड बीच हे चिमुकले गाव आहे. फ्रेडरिक डग्लस यांचे पुत्र चार्ल्स आणि त्यांच्या पत्नी यांना शेजारच्या विश्रामस्थानी प्रवेश नाकारण्यात आला, तेव्हा १८९३ साली त्यांनी लगतची जमीन घेऊन ते वसवले. डग्लस यांच्यासाठी तेथे बांधलेल्या घरातून उपसागरापलीकडचा, ते गुलाम म्हणून जन्मले तो किनारा दिसावा, अशी योजना होती. घर पुरे होण्यापूर्वीच, १८९५ मध्ये, डग्लस वारले.

दुपारी आम्ही सेंट मेरीज चर्चमध्ये गेलो. चर्चच्या आवारातच, खाडीकडे तोंड करून, चार्ल्स कॅरोल यांचा वाडा आहे. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे ते एकमेव कॅथलिक. त्यांच्या तरुणपणी मेरिलँडमध्ये कॅथलिकांना मतदानाचा हक्क नव्हता, उघडपणे मिस्सा करण्यास बंदी होती. घरातल्या खाजगी प्रार्थनागृहात मिस्सा होई. श्रद्धेपायी अन्याय सोसलेले हेच घराणे शेकडो गुलामांचे धनी होते. पुढे कॅरोल यांच्या नातींनी ही जागा रिडेम्प्टोरिस्ट धर्मगुरूंना दिली.

बागेतल्या बाकावर आजीबाई शांतपणे म्हणाल्या, “या घरचे लोक गुडघे टेकत, तेव्हा माझ्यासारखी माणसे त्यांच्या स्वयंपाकघरात होती, फादर. बाप्तिस्मा त्यांचाही झालेला होता.”

त्या वाक्यावर मजपाशी उत्तर नव्हते. मेरिलँडच्या येशूसंघीयांनी १८३८ साली २७२ गुलामांना लुईझियानाच्या मळेवाल्यांना विकले, आणि त्यातील काही पैसा जॉर्जटाउनच्या विद्यालयाचे कर्ज फेडण्यास लागला. २०१७ मध्ये त्यांच्या वंशजांसमोर येशूसंघाने क्षमायाचना केली. कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाही, असा १८५७ चा निवाडा देणारे सरन्यायाधीश रॉजर टॅनी हेही मेरिलँडचे आणि कॅथलिकच. विधानभवनासमोरचा त्यांचा पुतळा ऑगस्ट २०१७ मध्ये हलवण्यात आला. त्याच परिसरात थर्गुड मार्शल यांचे स्मारक १९९६ पासून उभे आहे. सर्वोच्च न्यायालयाचे ते पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश. विधानभवनात २०२० पासून हॅरिएट टबमन आणि डग्लस यांचे पुतळेही आहेत.

तरीही हे कुटुंब कॅथलिक राहिले आहे. आजीबाईंना शिकवले ते मदर मेरी लँग यांच्या संघाच्या कृष्णवर्णीय धर्मभगिनींनी. गुलामगिरी चालू असतानाच, १८२९ साली, हा संघ बाल्टिमोरमध्ये स्थापन झाला. ज्या ख्रिस्तसभेने त्यांना मागच्या बाकावर बसवले, तिच्यातच त्यांनी वेदी सोडली नाही. हे त्यांचे आपल्यावरील ऋण आहे.

वाचकहो, पाहुण्याला दार उघडणे ही आतिथ्याची पहिली पायरी. त्याची कहाणी आपल्या अंगणात सांगू देणे ही दुसरी, आणि ती फार अवघड आहे. ॲनापोलिसने ती धक्क्यावर सांगितली, फलक चोरीला गेल्यावर पुन्हा सांगितली. आपल्या किनाऱ्याचाही हिशेब आहेच. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात आफ्रिकेतून माणसे गुलाम म्हणून आणली जात. आज आफ्रिकेतून शिकायला आलेल्या तरुणाला आपल्या शहरांत खोली मिळणे सोपे नसते. पोटासाठी आपल्या धर्मग्रामात आलेले आदिवासी कुटुंब मिस्सेला बहुधा दाराजवळच उभे असते. बाकावर जागा असली तरी ते पुढे येत नाही.

अंतिम न्यायाच्या दिवशी परक्याचे स्वागत केले की नाही, हे विचारले जाईल, असे प्रभूने सांगून ठेवले आहे. त्या वेळी आपण दार उघडेच होते, असे म्हणू. आणि तेही खरेच असेल. येत्या रविवारी मात्र बाकावर थोडे सरकून, मागे वळून त्या दाराकडे पाहावे, आणि तिथे कोणी उभे असेल तर त्याला हाताने जवळ बोलवावे.