यज्ञवराह आणि ठाण्याची कचेरी

मोरगावच्या मयूरेश्वराचे दर्शन घेऊन, बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यातून ज्वारीची ताटे आणि बाभळी न्याहाळीत मी लोणी भापकरला पोहोचलो. येथील यादवकालीन मल्लिकार्जुन मंदिराच्या गाभाऱ्यात शिवलिंग आहे, शेजारी पायऱ्यापायऱ्यांनी खोल उतरत गेलेली पुष्करिणी आहे, आणि तिच्या सान्निध्यात, शैव स्थळी सहसा न आढळणारा, पाषाणाचा यज्ञवराह, म्हणजे विष्णूचा वराहावतार, उभा आहे. खूर, मान, मुख सारे पशूचेच. परंतु अंगभर विष्णूच्या चिमुकल्या मूर्ती ओळींनी कोरलेल्या. पशू कोठे संपतो आणि देव कोठे आरंभतो, याची सीमारेषा काही दिसत नाही.

नेमकी तीच रेषा ख्रिस्ताच्या मानवदेहात आखू पाहताना भूमध्य समुद्राकाठी शतकभराहून अधिक काळ वाद माजला. पुत्र हा पित्याने निर्मिलेला, हे एरियस या ख्रिस्ती धर्मगुरूचे मत ३२५ साली निकेआच्या धर्मपरिषदेने त्याज्य ठरविले. मरियेला ईश्वराची माता म्हणण्यास हरकत घेणारा कॉन्स्टँटिनोपलचा धर्माध्यक्ष नेस्टोरियस ४३१ साली इफेसस येथे पदच्युत झाला. आणि ४५१ साली कॅल्सिडॉनच्या धर्मपरिषदेने, एकाच व्यक्तीत दैवी व मानवी अशा दोन प्रकृती नांदतात, असा निवाडा दिला.

हा वाद आपल्या मुलखातही पोहोचला. यादवांचे राज्य लयास जाऊन थोडीच वर्षे लोटली असता, १३२१ साली, रोमच्या पंथाचे चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यास उतरले, आणि त्यांना आसरा मिळाला तो नेस्टोरियन म्हणविल्या जाणाऱ्या, म्हणजे रोमच्या लेखी पाखंडी अशा, कुटुंबात. त्या घरी नवराबायकोची तकरार झाली. मार खाल्लेल्या बायकोने काझीकडे फिर्याद गुदरून साधूंना साक्षीस बोलाविले. पीटरला सामानाच्या राखणीस ठेवून थॉमस, जेम्स व डिमिट्रियस कचेरीत रुजू झाले, तो मारहाणीचा मुकदमा बाजूस राहून ख्रिस्त निव्वळ मनुष्य की देव, याचीच चौकशी सुरू झाली. थॉमसने दोन्ही, असे कॅल्सिडॉनचेच उत्तर दिले. पुढे पैगंबरांविषयी विचारता त्याने जे सांगितले, त्यापायी चौघांचेही प्राण गेले. लवकरच ठाण्यास आलेल्या ओडोरिक नामक साधूने ही हकीकत नमूद केली असून, गावात नेस्टोरियनांची १५ घरे असल्याचेही तो सांगतो.

लोणीच्या शिल्पकाराला दोन्ही म्हणावयास छिन्नी पुरली, कारण त्याच्याकडे कोणी जबानी मागितली नव्हती. कॅल्सिडॉनच्या धर्माध्यक्षांना ती मुभा नव्हती. म्हणूनच संकर नाही, विकार नाही, विभाग नाही, वियोग नाही, अशा चार नकारांचे कुंपण घालून त्यांनी आतली जागा मोकळीच ठेवली.