कोरड्या प्लगची साक्ष

गणपती गेले आणि पितृपक्ष लागला, की आमच्या कोकणातील बागायतदारास एकच चिंता लागते, ती गवताची. पावसाच्या चार महिन्यांत कलमांखाली कमरेइतके गवत माजते. ते वेळीच कापले नाही तर थंडीत वाळून सरपण होते, आणि फाल्गुन-चैत्रात कोणा वाटसरूच्या विडीचे एक थोटूक वीस-वीस वर्षे जोपासलेली कलमे एका दुपारी भस्म करावयास पुरते. आमचे पाली हे गाव मुंबई-गोवा महामार्गावर, हातखंब्याच्या दक्षिणेस आहे. रस्त्यावरची वर्दळ मोठी आणि वारा मोकळा, त्यामुळे वणव्याचे भय येथे नेहमीचेच. पूर्वी ही बेणणी कोयतीने होई व तीस दहा-दहा गडी लागत. आता माणूस मिळत नाही, म्हणून खांद्याला पट्टा अडकवून चालवावयाचे पेट्रोलचे ग्रास कटर घरोघरी आले आहे. आमच्याकडेही एक आहे. प्रस्तुत हकीकत त्याचीच. किंवा खरे सांगावयाचे तर माझी आहे.

गवत कापण्याच्या यंत्राचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. इंग्लंडातील एडविन बडिंग नावाच्या कारागिराने १८३० साली हिरवळ कापण्याचे पहिले यंत्र केले. लोकरीच्या कापडावरील लव कातरणारे गिरणीतील यंत्र पाहून त्यास ही कल्पना सुचली. पुढे १९७१ साली अमेरिकेत जॉर्ज बॅलस याने मोटारी धुण्याचे फिरते ब्रश पाहिले आणि नायलॉनच्या फिरत्या दोरीने गवत तोडण्याची युक्ती काढली. दोघांनीही डोळे उघडे ठेवून पाहिले, एवढेच त्यांचे भांडवल. नेमक्या त्याच गोष्टीत मी उणा पडलो.

आमच्या बागेत अनेक वर्षे काम करणारा एक गडी आहे. तो माझाच विद्यार्थी. चौथीपर्यंत माझ्या हाताखाली शिकला. गेल्या आश्विनात त्याने पंपावरून पेट्रोल आणले, यंत्राच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे एका लिटरास चाळीस मिलिलिटर टू-टी ऑइल मोजून मिसळले, टाकी भरली आणि दोरी ओढली. यंत्र सुरू होईना. चोक लावून पाहिला, काढून पाहिला. चाळीसेक वेळा दोरी ओढली. त्याचा सदरा घामाने भिजला, पण यंत्राने हूं की चूं केले नाही. मी पडवीत आरामखुर्चीवर बसून हे पाहत होतो. माझा संयम सुटला व मी म्हणालो, “तूच तेलाचे प्रमाण चुकवले असशील. नाही तर पेट्रोल तरी कुठले भेसळीचे आणलेस? गेल्या वर्षी हेच यंत्र सुरळीत चालत होते!” तो काही बोलला नाही. त्याने पट्टा सोडला, यंत्र पुसून भिंतीशी ठेवले आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

मॅट्रिकनंतर मी काही वर्षे एका शास्त्रीबुवांपाशी संस्कृताचे अध्ययन केले. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह मजकडून मुखोद्गत करून घेण्यात आला होता. पर्वतावरील धुरावरून अग्नीचे अनुमान कसे करावे आणि कोठे करू नये, हे मी पुष्कळांस समजावून दिलेले आहे. असे असता माझे अनुमान काय होते? गड्याने पेट्रोल घातले; यंत्र सुरू झाले नाही; सबब दोष गड्याचा! कावळा बसण्यास आणि ताडाचे फळ पडण्यास एकच गाठ पडली, म्हणून फळ कावळ्याने पाडले असे म्हणण्यासारखेच हे झाले.

तिसऱ्या दिवशी सायंकाळी सूनबाई म्हणाल्या, “बाबा, प्लग काढून पाहिला का कोणी?” त्या रोज स्वतःची स्कूटर चालवितात आणि तिच्या लहानसहान दुरुस्त्या घरीच करतात. मी म्हणालो, “प्लग पाहून काय कळणार?” त्या म्हणाल्या, “ओला आहे की कोरडा, एवढे तरी कळेल.”

येथे वाचकांच्या सोयीसाठी थोडे सांगणे अवश्य आहे. असे इंजिन चालण्यास चार गोष्टी लागतात: इंधन, हवा, ठिणगी आणि दाब. दोरी ओढताना हातास बोजा जाणवला तर दाब ठीक आहे असे सामान्यतः समजावे. हवेची गाळणी काढून, ती धुळीने वा तेलाने तुंबलेली नाही ना, ते पाहावे. सायलेन्सरचे तोंडही पाहावे. ते काजळीने बुजते, आणि आमच्याकडे तर कुंभारीण माशी तेथे मातीचे घर बांधते. धूर बाहेर जावयास वाट नसेल तर ताजी हवा आत येणार कोठून? यानंतर प्लग. पुष्कळ दोरी ओढूनही तो कोरडाच असेल, तर इंधन आत पोहोचतच नाही. तो ओलाचिंब असेल, तर इंधन जाते पण ठिणगी नाही, किंवा चोक लावून वारंवार ओढल्याने इंधन अति झाले आहे. अशा वेळी प्लग पुसून वाळवावा, चोक काढून प्लगशिवायच काही वेळा दोरी ओढावी, म्हणजे साचलेले इंधन निघून जाते. त्या वेळी प्लगच्या वायरीस व त्या भोकास तोंड जवळ नेऊ नये, आणि आसपास विस्तव तर मुळीच असू नये.

सूनबाईंनी पाना लावून प्लग काढला व माझ्या तळहातावर ठेवला. तो कोरडा ठणठणीत होता.

तो हातात घेतला मात्र, आणि मला भर सायंकाळी घाम फुटला. प्लग कोरडा, याचा अर्थ गड्याने मिसळलेल्या पेट्रोलचा एक थेंबही इंजिनात पोहोचला नव्हता! तेलाचे प्रमाण चूक की बरोबर, पेट्रोल शुद्ध की भेसळीचे, हा प्रश्नच उद्भवत नव्हता. घट कशाने झाला, हे विचारताना माती वाहून आणणारे गाढव कारणात धरू नये, असे न्यायशास्त्र सांगते. ते पेट्रोल हेच या प्रकरणातील गाढव होते; आणि मी त्यावरून एका माणसास दोषी ठरविले होते.

मग दोष कोठे? दुसऱ्या दिवशी यंत्र बाजारातील मेस्त्रीकडे नेले. त्याने कार्बोरेटर खोलून दाखविला. आतील बारीक जाळीवर डिंकासारखा पिवळट थर बसला होता आणि पातळ पडदा आखडून ताठ झाला होता. “वर्षभर पेट्रोल आत राहिलं होतं का?” त्याने विचारले. राहिले होते. आदल्या दिवाळीत यंत्र पडवीत ठेवले ते मीच. टाकी रिकामी करावी असे चिरंजीवांनी बजावले असताही मी कंटाळा केला होता. पेट्रोल साठून राहिले की त्यातील उडून जाणारा हलका भाग निघून जातो व चिकट गाळ उरतो. शिवाय २०२५ सालापर्यंत आपल्या देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याची मजल गाठली गेली आहे. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते, आणि आमच्या कोकणात पावसाळ्यात ओलाव्यास काय तोटा? पाणी फार झाले म्हणजे ते इथेनॉलसह तळाशी वेगळे बसते, आणि इंजिनात प्रथम जाते ते नेमके तेच. मेस्त्रीने जाळी साफ केली, पडदा बदलला, टाकी धुऊन ताजे इंधन भरले. तिसऱ्या ओढीस यंत्र सुरू झाले.

मी तसाच गड्याच्या वाडीवर गेलो. तो अंगणात भात झोडत होता. मला पाहून लगबगीने उठला, खुर्ची आणली व म्हणाला, “गुरुजी, तुम्ही कशाला आलात? मला बोलावायचं.” मी उभ्याउभ्याच सर्व सांगितले आणि चूक माझी होती, असे स्पष्ट म्हटले. तो थोडा वेळ खाली पाहत राहिला. मग म्हणाला, “टाकीत जुनं पेट्रोल आहे, हे मी त्या दिवशी बोललो होतो, गुरुजी. तुम्ही म्हणालात, असू दे, तेही पेट्रोलच.” मला ते आठवले. “मग मी रागावलो तेव्हा पुन्हा का बोलला नाहीस?” मी विचारले. तो म्हणाला, “तुमच्यापुढं दोनदा बोलायची सवय नाही.”

ही सवय त्यास कोणी लाविली, हे मला विचारावे लागले नाही. वर्गातही मी रागावलो की तो मान खाली घालून उभा राही, आणि न बोलणे म्हणजे कबुली असेच मी समजत असे. चौतीस वर्षांच्या नोकरीत अशा किती मुलांस मी प्लग न काढताच शिक्षा केली असेल! त्यांतील बहुतेक आज मुंबईस वा पुण्यास आहेत. त्यांच्याकडे कोणत्या पायांनी जावे?

असो. झोडणी आटोपल्यावर तो कामावर आला व वाळण्यापूर्वी गवत कापून झाले. हंगाम संपताच आम्ही दोघांनी मिळून टाकी ओतून काढली, आणि उरलेसुरले इंधन जळून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ते चालू ठेवले. मिश्रण आता लागेल तेवढेच करतो, आणि कॅनवर तारखेची चिठ्ठी चिकटवितो. त्या चिठ्ठीवर तारीख तो लिहितो. महिना उलटला की तो कॅन माझ्यापुढे आणून ठेवतो आणि म्हणतो, “गुरुजी, हे जुनं झालं.” मी उठून ते पाहतो.