गाडीवरचं माळवद

सोलापूरकराला छतावर झोपायला कुणी शिकवावं लागत नाही. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून जातो, दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत गरम वाफा सोडत राहतो. मग संध्याकाळी गच्चीवर दोन बादल्या पाणी मारायचं, सतरंजी टाकायची, उशाला तांब्या ठेवायचा. आमचं अख्खं बालपण असं गेलं. आमच्या आधीच्या पिढीकडे स्लॅबही नव्हता, माळवद होतं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: लाकडी तुळया, त्यावर काटक्यांचा थर आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात खाली गार आणि वर झोपायला ऐसपैस.

त्यामुळे मी गाडीच्या टपावर तंबू करतोय हे कळल्यावर पुण्याच्या ताईनं फोनवर "हे काय नवीन खूळ?" असं विचारलं, तेव्हा म्हटलं, खूळ असेल, पण नवीन नाही गं!

तर मंडळी, गेले चार महिने या तंबूबद्दल सगळे विचारताहेत. प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

आधी कारण. गेल्या वर्षी बाबा गेले. त्यानंतर आईचं घराबाहेर पडणंच बंद झालं. तिचं माहेर मंगळवेढा तालुक्यात, इथून पन्नास-पंचावन्न किलोमीटर, म्हणजे काही लांब नाही. पण "मामाकडे जाऊ या" म्हटलं की एकच उत्तर, "जाऊन येऊ, मुक्काम नको." का, ते सांगायची नाही. एकदा शेंगा फोडता फोडता बोलून गेली, "तिथं आता झोपायचं कुठं? माळवद पाडलं. त्या स्लॅबच्या खोलीत कोंडल्यासारखं होतं मला."

एवढंच बोलली आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली. माझ्या डोक्यात मात्र तेव्हापासून चक्र सुरू झालं.

आमच्याकडे जुनी बोलेरो आहे. चौकोनी, खडबडीत, आणि टपाच्या दोन्ही कडांना पावसाचं पाणी वाहून जायला पन्हळ असलेली. ही पन्हळ फार कामाची. कॅरियर तिला पकडून बसतो, टपाला एकही भोक पाडावं लागत नाही. तयार रूफटॉप टेंट बाजारात मिळतात, पण त्यांच्या किमती लाखाच्या घरात. तेवढे पैसे नव्हते, आणि खरं सांगायचं तर हाताला खाजही होती.

टपावरचा तंबू ही परदेशी लोकांची चैन, असं मलाही वाटायचं. पण वाचताना एक मजेशीर गोष्ट कळली. पूर्व जर्मनीत १९७० च्या दशकात ट्राबंट नावाच्या चिमुकल्या गाडीच्या टपावर लोक तंबू लावून सुट्टीला जायचे. ही गाडी म्हणजे दोन सिलिंडरचं इंजिन, आणि बाहेरचे पॅनेल पत्र्याचे नाहीत, तर सुताचा टाकाऊ कापूस राळेत दाबून केलेल्या ड्युरोप्लास्टचे. अशा गाडीवर तंबू राहू शकतो, तर आमच्या बोलेरोनं काय घोडं मारलंय?

आणि एवढ्या लांब तरी कशाला जायचं? आषाढीच्या वाटेवर माळशिरस, वेळापूर, वाखरी इथं उभं राहून बघा. दिंडीचा ट्रक येतो, ताडपत्री सुटते, आणि बघता बघता राहुट्यांचं गाव उभं राहतं. सकाळी पुन्हा सगळं ट्रकमध्ये. घर गाडीवर लादून फिरण्यात आपण कुणाहून मागे नाही.

आता मुख्य मुद्दा, वजनाचा. ज्यांना स्वतः तंबू करायचाय त्यांनी बाकीचं सगळं विसरलं तरी चालेल, एवढं वाचा. टपावर वजन दोन प्रकारे येतं. गाडी उभी असताना तंबू अधिक झोपलेली माणसं. ते पुष्कळ असलं तरी शांत असतं, हळूहळू पन्हळीतून खांबांवर आणि खांबांतून चाकांवर उतरतं. गाडी धावत असताना मात्र प्रत्येक खड्ड्याला तेच वजन उसळतं, प्रत्येक वळणाला बाहेर ओढतं. शिवाय वजन जितकं उंचावर, तितकी गाडी कलंडायला सोपी. म्हणून धावत्या गाडीची मर्यादा उभ्या गाडीपेक्षा कितीतरी कमी असते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेतली मर्यादा आधी बघायची आणि तिच्या आतच राहायचं. मी माझ्यासाठी कॅरियर धरून पन्नास किलोची रेघ मारली.

पहिलं गणित लोखंडी चौकोनी पाइप आणि १२ मिलिमीटरचं प्लायवुड धरून केलं. आठ बाय चारचा नुसता तो प्लायच वीस-एकवीस किलो! सगळं मिळून ऐंशीच्या वर जात होतं. कागद बाजूला ठेवला आणि एकेक वस्तू घेऊन भांडत बसलो. लोखंडाच्या जागी ॲल्युमिनियम घेतलं, त्याचं वजन लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश. ते वेल्डिंगला त्रास देतं, म्हणून स्लायडिंग खिडक्या करणाऱ्या कारागिराला गाठलं आणि सगळे सांधे रिव्हेट आणि नट-बोल्टवर घेतले. खालून आडव्या पट्ट्या जवळजवळ दिल्या, त्यामुळे प्लाय ६ मिलिमीटरचा चालला. शेवटचा हिशोब असा: प्लाय ११, ॲल्युमिनियम ९, कापड आणि चेन ५, गादी ४, बिजागऱ्या-बोल्ट ४. म्हणजे तंबू ३३ किलो. कॅरियर १४. एकूण ४७. शिडी ५ किलोची, पण ती प्रवासात गाडीच्या आत असते.

कापडाचा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांचं एकमत, "ताडपत्री लाव, पाणी येणार नाही." बाहेरचं पाणी येणार नाही हे खरं. पण दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात, अंगातून वाफ जाते, ते पाणी जाणार कुठं? प्लास्टिकच्या ताडपत्रीला आतून थेंब धरतात आणि पहाटे आपल्याच तोंडावर ठिबकतात. सुती कॅनव्हासला श्वास असतो. ओला झाला की सूत फुगतं आणि विणीतली छिद्रं आपोआप मिटतात. म्हणून नव्या कॅनव्हासला वापरण्याआधी एकदोनदा भिजवून वाळवायचं, म्हणजे शिवणीची भोकंही बसतात. हे मला पंढरपुरात राहुट्या शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या शिंपीबाबांनी सांगितलं. दोन कापडांच्या कडा एकमेकींत दुमडायच्या आणि त्यावर दोनदा शिवण मारायची, दोराही सुतीच वापरायचा, हेही त्यांचंच.

आता गाडी. "लिफ्ट कर, मोठे टायर टाक, पुढं भक्कम गार्ड लाव," हा मित्रांचा सल्ला. पुढच्या गार्डवर तर केंद्र सरकारनं डिसेंबर २०१७ मध्येच बंदी आणली. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठासून सांगितलं. म्हणून मी काही कापलं नाही, गाडीला काही वेल्ड केलं नाही. तंबू सुटा आहे, चार माणसांनी चढवायचा आणि काम झालं की उतरवायचा. विमा कंपनीलाही लेखी कळवून ठेवलं.

मग अपग्रेड काय केलं? मागच्या पाट्यांचे झिजलेले बुश बदलले. चारही शॉकअप नवे टाकले. ब्रेक उघडून साफ केले. टायर ऑल-टेरेन घेतले, पण मूळ मापाचेच. हवा भरायचा छोटा पंप, ओढायचा पट्टा, एक फावडं आणि दोन फळ्या घेतल्या. बस्स. बाहेरून बघणाऱ्याला काही कळणारही नाही. चिरंजीव जरा हिरमुसले, त्यांना टपावर दिव्यांची रांग हवी होती.

तंबू चढवून अंगणात पहिली परीक्षा घेतली. सिमेंटची तीन पोती, म्हणजे दीडशे किलो, रात्रभर वर ठेवली. शेजारचे अण्णा सकाळी दूध घेऊन जाताना थांबले. "बांधकाम काढलंत का?" "हो ना अण्णा, वरचा मजला!"

पोती उतरवली. फ्रेम जागची हलली नव्हती. मग खरी परीक्षा, आईची. शिडी लावली. तिनं पदर खोचला, तीन पायऱ्या चढली, थांबली, आणि तशीच खाली आली.

"जमतंय की आई!"

"चढायला जमतंय रे. उतरताना पाय दिसत नाही. रात्री दोनदा उठावं लागतं मला, अंधारात काय करू?"

वजनाचं गणित किलोपर्यंत मांडलं होतं, पण एकाहत्तर वर्षांच्या गुडघ्यांचं गणित तिनंच मांडायचं होतं. शिडीच्या गोल दांड्या काढल्या, तळपाय पूर्ण बसेल अशा रुंद पायऱ्या बसवल्या, प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरी पट्टी मारली आणि वर धरायला एक आडवा दांडा दिला. तरी रात्रीचा प्रश्न उरलाच. तेव्हा बायको म्हणाली, "वरच झोपलं पाहिजे असं कुठं आहे? खाली पडदा सोड ना, परकरासारखा." झालं! तंबूचा अर्धा भाग गाडीच्या बाजूला पुढं येतो, त्याच्या कडेनं जमिनीपर्यंत कॅनव्हासचा घेर लावला. वर दोघांची जागा आणि खाली एका बाजेची खोली. हा घेर वेगळा निघतो, म्हणून प्रवासात टपावर त्याचं वजन नाही.

जानेवारीत, गड्ड्याची यात्रा सुरू होती तेव्हा, निघालो. सत्तरच्या वर गाडी नेली नाही. टपावर वाऱ्याचा अडसर असतो, गाडी लिटरला दीडेक किलोमीटर कमी पळते, हे धरून चालायचं. मामांच्या शेतात मालदांडी ज्वारी हुरड्यात आलेली. मी गाडी थेट विहिरीजवळ न्यायला निघालो, तर मामा बांधावर हात आडवा करून उभे. "कालच पाणी दिलंय. वाफसा नाही अजून. तुझे ते टायर काय करतील?" आपल्या काळ्या मातीत ओल असली की ती फुगते, टायरच्या खाचा भरून टाकते, आणि मग ऑल-टेरेन काय आणि गुळगुळीत काय, सगळे सारखेच! ट्रॅक्टरवाला माणूस सांगतोय म्हटल्यावर ऐकायचं. गाडी बांधावरच्या कडक जागेवर लावली, पुढच्या चाकांखाली फळ्या सरकवून सपाट केली, आणि दहा मिनिटांत तंबू उभा राहिला.

आई दुपारी, चांगल्या उजेडात, वर चढली. सावकाश, दांडा धरून. आत जाऊन मांडी घालून बसली आणि खिडकीची चेन उघडली. समोर ज्वारीची कणसं, लांबवर बाभळी, आणि डावीकडे जिथं त्यांचा जुना वाडा होता ती जागा. तासभर कुणाशी काही बोलली नाही. मी चहा वर दिला तेव्हा म्हणाली, "माळवदावरून हेच दिसायचं. फक्त ते चिंचेचं झाड मोठं झालंय." मग बाबांच्या पहिल्या दिवाळसणाची गोष्ट सांगितली, जी आम्ही कुणी कधी ऐकली नव्हती. जावई म्हणून मान मिळेल असं वाटलेल्या बाबांना मेव्हण्यांनी रात्री माळवदावर नेऊन भुताच्या गोष्टी सांगून जागं ठेवलं होतं म्हणे! मामा खालून ओरडले, "मी नव्हतो त्यात!" ती वरून, "तूच तर होतास म्होरक्या!"

रात्री ती खाली बाजेवर झोपली, घेराचा एक पडदा उघडा ठेवून. वर मी आणि चिरंजीव. पहाटे थंडी चांगलीच होती, पण कापडाला आतून थेंब नव्हता. सकाळी आईनं विचारलं, "आजचा दिवस राहायचं का?" मुक्काम नको म्हणणारी आई! तीन रात्री राहिलो.

ताई, तुझ्या प्रश्नांची उत्तरं: खर्च टायर सोडून एकतीस हजार. सुरक्षित आहे का? वजनाच्या रेघेच्या आत राहिलं, सपाट जागी लावलं आणि माणसाच्या शेतात विचारून उतरलं तर हो. अभयारण्यात, नदीच्या पात्रात किंवा हायवेच्या कडेला लावायचा नाही, हा आमचा नियम. आणि हो, आईला आता तुझ्याकडे पुण्याला यायचंय. पण म्हणते, "तिच्या पार्किंगमध्ये तंबू लावता येईल का, विचार."

सोसायटीला विचारून कळव.