पुसलेले साल

लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर पाच चांदीचे रुपये मांडावयाचे, अशी आमच्या घरची चाल आहे. पैकी तिघांना नावगाव विचारावे लागत नाही. एकावर सातव्या एडवर्डचे बोडके मस्तक व १९०५ हे साल आहे. दोहोंवर मुकुटधारी पंचम जॉर्ज व १९१८. उरलेले दोन मात्र इतके गुळगुळीत झाले आहेत की, त्यांस नाणी म्हणण्यापेक्षा चकत्या म्हणणेच बरे. एकावर मुकुट घातलेल्या स्त्रीची सावली तेवढी उरली आहे. हा रुपया आमच्या खापरपणजोबांच्या पहिल्या पगारातला. ते १८६८ साली शाळामास्तर झाले तेव्हाचा, असे आमच्या आईने तिच्या सासूकडून ऐकले आहे आणि आम्ही आईकडून.

हे रुपये बाजारात जेवढे झिजले त्याहून अधिक आमच्या घरात झिजले असावेत. दर दिवाळीस चिंच लावून राखेने घासावयाचे, पुसून हळदकुंकू वाहावयाचे, आणि पुढल्या वर्षी ते हळदकुंकू निघावे म्हणून पुन्हा घासावयाचे! कंपनी सरकारच्या १८३५ च्या कायद्याने रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, ठरले. त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. आजच्या मापाने हे ११.६६ ग्रॅम होतात. सोनाराच्या काट्यावर आमचा रुपया अकरा ग्रॅमही भरला नाही. उरलेली चांदी चार पिढ्यांच्या सासवासुनांच्या हातून चिंचेच्या चोथ्याबरोबर मोरीत गेली.

आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकवितो. धातूंशी आमचा संबंध पगारापुरता. परंतु सर वॉल्टर स्कॉटविषयी काही शोधीत असता डेव्हिड ब्रूस्टर या शास्त्रज्ञाने त्यास उद्देशून लिहिलेली, १८३२ साली प्रसिद्ध झालेली पत्रे हाती आली. त्यांत झिजलेले नाणे वाचण्याची एक युक्ती आहे. अंधाऱ्या खोलीत लोखंड लाल होईतो तापवावे आणि त्यावर नाणे ठेवावे. पुसली गेलेली अक्षरे उजळून दिसू लागतात. हे वाचल्यावर आम्हांस स्वस्थ बसवेना.

यात जादू नाही. ठसा मारताना त्याचा दाब सर्व धातूवर सारखा बसत नाही. अक्षराखालचा धातू आणि भोवतालच्या सपाटीखालचा धातू यांच्या कणरचनेत फरक पडतो, आणि वरचे अक्षर झिजून गेले तरी खाली काही खोलीपर्यंत तो टिकतो. उष्णता अथवा आम्ल यांचा परिणाम या दोन जागी सारखा होत नाही, म्हणून डोळ्यांस भेद दिसतो. चोरीच्या वाहनाचा कानशीने घासून टाकलेला क्रमांक पोलिसांच्या प्रयोगशाळेत आम्ल लावून वाचतात, तोही याच न्यायाने.

प्रथम आम्ही आम्लाचाच मार्ग धरला. रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्याकडून सौम्य नत्राम्ल आणले आणि ज्याच्याविषयी घरात कोणतीच कथा नव्हती तो दुसरा रुपया पुढे घेतला. (निरपराध्यावर प्रयोग करावयाचा तर ज्याच्या बाजूने बोलणारे कोणी नाही त्याच्यावर करावा, हा जगाचा नियम आम्हीही पाळला.) कापसाचा बोळा चारसहा वेळा फिरविल्यावर १८४० हे आकडे क्षणभर अगदी स्पष्ट दिसले. आमचा हर्ष एवढा की, अधिक स्पष्ट दिसावे म्हणून आम्ही बोळा आणखी दोनदा फिरविला. आकडे गेले. राहिला तो देवीच्या व्रणांसारखा खड्ड्याखड्ड्यांनी भरलेला पृष्ठभाग. आईने तो हातात घेतला, पाहिला, आणि एक शब्दही न बोलता देव्हाऱ्यात ठेवून दिला. ती बोलली असती तर बरे झाले असते.

आता खापरपणजोबांचा रुपया. त्यास हात लावण्यापूर्वी आम्ही पुष्कळ वाचन केले, आणि त्यात एक विलक्षण गोष्ट कळली. १८६८ हे साल घातलेला सरकारी रुपया असावयाचाच नाही. १८६२ साली व्हिक्टोरिया राणीचा मुकुटधारी रुपया निघाला आणि पुढे १८७४ पर्यंत जे रुपये पडले त्यांवर १८६२ हेच साल घालीत राहिले. त्याआधीच्या १८४० च्या रुपयाचीही तीच गत. ही रीत आणखी जुनी आहे. पूर्वी सराफ रुपयाचे साल पाहून बट्टा कापीत. चालू सालाचा तो सिक्का, जुन्या सालाचा झाला की त्याची किंमत उतरली. हा उपद्रव बंद व्हावा म्हणून कंपनीने बंगालच्या रुपयावर शहा आलमच्या कारकिर्दीचे एकोणिसावे वर्ष कायमचे कोरून टाकले. सुरती रुपयावर शेचाळिसावे. सराफांस फसविण्यासाठी म्हणा की आवरण्यासाठी म्हणा, काळच थांबविला. मात्र मुंबईच्या टांकसाळीने १८६२ च्या काही रुपयांवर बारीक ठिपके घातले आहेत, आणि त्यांच्या संख्येवरून जाणते लोक खरे वर्ष ठरवितात.

म्हणजे १८६२ दिसले तर कथा खरी असू शकेल. १८८० किंवा १८९० दिसले तर चार पिढ्यांनी जपलेली कथा बुडाली. आईस हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “आणि बुडाली, तर तो रुपया पूजेत ठेवायचा नाही का रे?” आम्हांस उत्तर सुचले नाही. तरीही आम्ही तवा तापत ठेवलाच.

दिवा मालवला. लोखंड मंद लाल झाले. रुपया ठेवल्यावर प्रथम काहीच दिसेना. मग चकतीचा रंग पालटू लागला, आणि काळवंडत्या पृष्ठभागावर वेलबुट्टीची कडा, मग एक, आठ, सहा आणि दोन असे आकडे पाण्याखालून वर यावे तसे वर आले. आकड्यांच्या खाली एक ठिपका होता. किंवा ठिपक्यासारखे काहीतरी होते. भिंग घेऊन वाकेपर्यंत सारे एकरंगी झाले.

रुपया निवल्यावर तो पुन्हा तापवून पाहिला. आकडे आले, पण फिकट. ठिपका आलाच नाही. तिसऱ्या खेपेस आम्ही थांबलो. सोनार चांदी लाल करून नरम करतो, ती याचसाठी की ठोकून बसलेला ताण उष्णतेने सुटावा. आम्हांस जे वाचावयाचे होते ते त्या ताणातच लिहिलेले होते. अर्थात प्रत्येक वाचनाबरोबर आम्ही ते पुसत होतो.

तो ठिपका टांकसाळीचा होता की कोणा आजेसासूच्या राखेतील खड्याने पाडलेला खळगा, हे आता सांगता येणार नाही. स्कॉटच्या एका कादंबरीत एक पुराणवस्तुप्रेमी गृहस्थ एका जागेस रोमन लोकांची छावणी ठरवून बसतो, आणि एक भिकारी येऊन सांगतो की ती खणताना मी येथेच होतो. वर्गात हा प्रसंग आम्ही दरसाल हसत शिकवीत असू. यंदा शिकविताना हसू आले नाही.

गेल्या दिवाळीस आईने पाचही रुपये परातीत घेतले. १८६२ चा रुपया तव्याच्या बुडासारखा काळा झाला होता. तिने त्यावर चिंचेचा गोळा ठेवला, थोडा वेळ मुरू दिला आणि अंगठ्याने घासू लागली. आता तिच्या बोटांत पूर्वीचा जोर नाही. आम्ही परात आपल्याकडे ओढून घेतली, तेव्हा ती म्हणाली, “हलक्या हाताने घास.”