आसईचे पाणी

जिंतूरला नोकरीनिमित्त राहणाऱ्या भाच्याने मला येलदरीचे धरण पाहायला नेले. भाद्रपद सरत आला होता. पूर्णेचे पाणी भिंतीला टेकून निवांत पहुडले होते. “हे पाणी येते तरी कोठून?” मी सहज विचारले. वरच्या अंगाला पूर्णेला मिळणाऱ्या नद्यांची नावे तो सांगू लागला. त्यांत केळणेचे नाव आले आणि माझे मन तेथेच अडखळले.

केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, आसई येथे, २३ सप्टेंबर १८०३ रोजी मोठी लढाई झाली. एका बाजूस आर्थर वेलस्ली, दुसऱ्या बाजूस दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले. इंग्रजांकडील ४२८ जण ठार व ११३८ जखमी झाले. मराठ्यांची हानी त्याहून कितीतरी अधिक होती.

शाळेत आपण हे इंग्रज-मराठे युद्ध म्हणून शिकलो. पण त्यावर युरोपातील वैराचीही छाया होती. १८०२ च्या मार्चमध्ये इंग्लंड व फ्रान्स यांच्यात झालेला तह पुढच्या वर्षी मे महिन्यात मोडला. शिंद्यांच्या पदरी पेराँ हा फ्रेंच सेनानी होता. त्याच्याकडे बोट दाखवून गव्हर्नर-जनरल रिचर्ड वेलस्ली, म्हणजे आर्थरचा थोरला भाऊ, फ्रेंचांची भीती घालीत असे. त्या भीतीत थोडे तथ्य होते. बाकीचे राज्यलोभाचे निमित्त होते. तो पेराँ त्याच सप्टेंबरात इंग्रजांच्या आश्रयाला गेला! आणि आसईला शिंद्यांच्या कवायती पलटणी लढविणारा पोलमन होता हॅनोव्हरचा. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज हाच हॅनोव्हरचाही अधिपती. वैर राजांचे, पगार ज्याचा त्याचा आणि प्रेते केळणेकाठी.

मग दोष कोणाचा? वेलस्ली बंधूंचा, हे उत्तर माझ्या ओठांवर तयार होते. परंतु मी वसईचा. ज्या तहाने हे युद्ध ओढवले, तो ३१ डिसेंबर १८०२ रोजी माझ्याच गावी झाला. १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिले. पुढच्या वर्षी यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव पळाला आणि घरच्या भांडणात त्याने परक्याला बोलावले. इंग्रजांशी वैर असलेल्या राष्ट्रांच्या युरोपियनांना पदरी ठेवणार नाही, असेही त्याने त्या तहात लिहून दिले. अशा रीतीने युरोपचे भांडण आपल्या उंबरठ्याच्या आत आले.

यामुळे वेलस्लींचा अपराध उणा होत नाही. पापाची वाटणी जमिनीसारखी नसते. एकाच्या वाट्याला अधिक आले म्हणून दुसऱ्याचे कमी होत नाही. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाच्या २३१ व्या कलमाने सारी जबाबदारी जर्मनी व तिच्या मित्रराष्ट्रांवर टाकली. जेत्यांना आत्मपरीक्षणाची गरज उरली नाही. त्याआधी, ऑगस्ट १९१७ मध्ये, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी सर्वच युद्धखोर राष्ट्रांच्या प्रमुखांना पत्र लिहून हा निरर्थक संहार थांबविण्याची विनंती केली होती. आरंभ कोणी केला, याचा निवाडा त्यांनी त्यात केला नाही. तेव्हा दोन्ही पक्ष त्यांच्यावर रुष्ट झाले.

धरणाच्या भिंतीजवळ उभा असताना माझ्या खांद्यावरच्या पिशवीत एक करारनामा होता. वाडीच्या वाटणीवरून आम्हां दोघा भावांत सहा वर्षे अबोला आहे. एका बिल्डरने माझा हिस्सा घेण्याची तयारी दाखविली होती. “तुम्ही सही करा, तुमच्या भावाकडे मी पाहून घेतो,” असे तो म्हणाला होता आणि ते ऐकून मला बरे वाटले होते. बाजीरावाला दोष देणारा मी! दर रविवारी मिस्साच्या आरंभी छातीवर हात मारून आपण स्वतःचा अपराध कबूल करतो, शेजाऱ्याचा नव्हे. ती प्रार्थना आजवर मी केवळ तोंडाने म्हणत आलो होतो.

वसईला परतल्यावर तो कागद मी सही न करता परत पाठविला आणि संध्याकाळी भावाच्या घरी गेलो. त्याने ओटीवर बसविले, पाणी आणून दिले. वाटणीचे बोलणे अद्याप व्हायचे आहे.